मिस्त्रींनी साखळी बसवली

‘सट्ट’ असा तो आवाज होता. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून माझ्या उजव्या कानात मुक्कामाला आहे. लाकडाच्या वखारीत मिस्त्रींच्या करवतीची साखळी तुटली आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावर खांबात रुतली. (खांब निदान उभा तरी राहिला.)

त्या वखारीत मी भुसा झाडून पोत्यात भरायचो. पण लग्न ठरताना ‘मी वखारीत मिस्त्री आहे’ असं तोंडातून गेलं, आणि गेलं ते गेलंच. बायकोनं आजवर मला मान दिला तो मिस्त्री म्हणून.

परवा वाऱ्यानं झाडाची फांदी मोडली ती थेट दारात. जावई आपली पेट्रोलवरची करवत आणि नवी साखळी ठेवून गेला. म्हणाला, “बाबा, जुनी बोथट झालीय, तेवढी बदलून घ्या. तुम्हाला मी काय सांगणार?”

सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी एकावर एक असे हातमोज्यांचे दोन जोड घातले. डोक्यावर पातेलं घालावं असंही मनात आलं, पण बायको स्वयंपाकघरातच होती. नट सैल केले, झाकण काढलं, नवी साखळी करवतीच्या लांब पट्टीवर चढवली, नट आवळले. ओढून बघितली तर हलेना. म्हणजे फार ताणली गेली. ताणलेली साखळी काय करते ते माझ्या कानाला विचारा. साखळी ताणायचा स्क्रू सैल केला. हलेना. आणखी सैल केला. शेवटी साखळी पट्टीखाली लोंबायला लागली, तरी पुढे सरकेना. थरथर कापत होतो तो मीच.

“अहो, झालं का?” ती दारात आली.

“होतंय. नव्या साखळीला जरा वेळ द्यावा लागतो.”

“तिला, की तुम्हाला?”

ती शेजारी बसली. माझ्या हातातला वरचा जोड उतरवून तिनं स्वतः घातला आणि हँडलपुढची ढाल मागे ओढली. खट्ट झालं.

“ब्रेक लागला होता. आणि दात उलटे बसवलेत. पट्टीच्या वरच्या अंगाला त्यांची तोंडं पुढे हवीत.”

तिनं साखळी काढून फिरवून बसवली. पट्टीचं टोक वर उचलून धरलं, साखळी खालून पट्टीला टेकेपर्यंत स्क्रू फिरवला, मग नट आवळले. हातानं ओढली तर जपमाळेसारखी सरकली.

“तुला हे कुणी शिकवलं?”

“मिस्त्रींनी.”

“मी?”

“तुम्ही नव्हे, मिस्त्रींनी. मी डबा घेऊन वेळेआधीच यायचे ना, तुम्ही मागे पोती भरत असायचात तोवर त्यांचं काम बघत बसायचे.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही किती हौसेनं सांगायचात सगळ्यांना.”

तिनं करवत सुरू केली. मी ओसरीच्या खांबामागे गेलो. (अनुभवी माणूस.) फांदीचे सहा तुकडे झाले, यंत्र थांबलं, तेव्हा डोळे उघडले.

ती आत गेली, केरसुणी आणि रिकामं पोतं घेऊन आली. दोन्ही माझ्या हातात ठेवली, माझ्या कानामागचा भुसा पदरानं पुसला आणि आत गेली.