बेकरीवाल्याच्या भाचीची पहिली तपासणी

माणूस हवा, पाणी आणि अन्न या तीन गोष्टींवर जगतो आणि बहुतांशी त्याच तीन गोष्टींमुळे आजारी पडतो. या दोन घटनांच्या मधल्या काळात जो अभ्यास करावयाचा असतो, त्याला विद्यापीठात ‘पर्यावरण आरोग्य’ म्हणतात.

आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या भाचीने हा विषय घेतला, तेव्हा नातेवाइकांत दोन तट पडले. नऊ जणांनी ‘आरोग्य’ तेवढं ऐकलं. ते तिला जीभ दाखवू लागले. सहा जणांनी ‘पर्यावरण’ ऐकलं. ते मरगळलेल्या कुंड्या घेऊन आले. (मावशीने जीभही दाखवली आणि कुंडीही. भाचीने ‘पाणी वाढवा’ असा सल्ला दिला; तो दोघींनाही मानवला.)

माहितीपत्रकात पदवीनंतरचे सोळा व्यवसाय दिले होते. कारखान्यातला आवाज मोजणे, विहिरीचं पाणी तपासणे, साथीचा माग काढणे वगैरे. चार वर्षांत भाची उंदराची लेंडी आणि घुशीची लेंडी दुरून ओळखू लागली. हे ज्ञान ती जेवताना मोकळ्या मनाने वाटत असे, त्यामुळे घरातली जेवणं फार लवकर आटपत.

पुढे ती नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक झाली. सर्वांत जास्त आनंद मामाला झाला. “आता आपल्याला कोण हात लावतंय?” असं म्हणून त्याने तिच्या कचेरीत क्रीमरोलचं खोकं पाठवलं. भाची त्या दिवशी नाल्यावर होती. परत येईपर्यंत खोकं रिकामं झालं होतं. दुसऱ्या दिवशी पाचपैकी चार निरीक्षक पोट धरून घरी पडून होते.

“सर, ती माझ्या मामाची बेकरी आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा ना,” भाची साहेबांना फोनवर म्हणाली.

“दुसरं कोण उभं आहे?” साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं आणि फोन घाईने ठेवला.

मामा दारातच होता. “ये गं बाई! चहा टाकू?”

“मामा, फ्रिज उघड.”

फ्रिजमध्ये एकोणीस अंश तापमान, रंगाचे दोन डबे आणि मामाची रक्तदाबाची औषधं आढळली.

“आणि क्रीम?”

“बाहेर. आत जागा कुठाय?” मामाने टेबल पुसलं, त्याच फडक्याने सुरी पुसली आणि मग कपाळ. “असं काय बघतेस? लहानपणी इथलंच खाऊन वाढलीस तू.”

“हो. आणि दर सोमवारी आजारी पडायचे. आईला वाटायचं, मी शाळा चुकवतेय. मारही खाल्लाय मी त्यासाठी.”

मामा खुर्चीत बसला. भाचीने सात दिवस बंदची नोटीस लिहिली. ती दारावर चिकटवताना मामा उठला आणि त्याने कागदाचा कोपरा धरला.

“तिरकी लागतेय. सरळ लाव. सही मात्र झकास आहे हं तुझी.”

तिसऱ्या दिवशी गल्लीने निवेदन दिलं. दोनशे बारा सह्या होत्या, त्यांपैकी दोन आजारी निरीक्षकांच्या. ‘जनतेच्या गैरसोयी’चा उल्लेख सात वेळा होता, क्रीमचा एकदाही नव्हता.

मामाने नवा फ्रिज आणला, भिंती घासल्या आणि प्रत्येक कामाला वेगळं फडकं ठेवलं. आठव्या दिवशी बेकरी उघडली. गिऱ्हाइकांनी एकेक क्रीमरोल खाल्ला आणि एकमताने ठरवलं, की पूर्वीची चव राहिली नाही. आता भाची रोज दुपारी तिथे बसून दोन खाते. मामा समोर बसून ती आजारी पडते का ते बघतो आणि ती पडत नाही म्हणून खूश होतो.

उरलेली गल्ली हल्ली पलीकडच्या रस्त्यावरच्या एका बेकरीत जाते. तिथे क्रीम दिवसभर उघड्यावर असतं आणि चव अप्रतिम असते, असं समजतं. प्रकरण तपासणीत असल्याने पत्ता देता येत नाही. मात्र वाचकांना इथे पहिला प्रश्न पत्त्याचाच पडला, याची नोंद घेण्यात आली आहे.