मगन बोरसे यांचे स्मरणशास्त्राला योगदान

धडधाकट मेंदूचा शास्त्राला काडीचा उपयोग नसतो. घड्याळ बंद पडल्याशिवाय कोणी ते उघडत नाही. तसंच कोणाचं तरी डोकं फुटल्याशिवाय स्मृती म्हणजे काय ते मानसशास्त्रज्ञांना कळत नाही. या पुण्यकर्मासाठी सुरतेतून मगन बोरसे यांनी आपलं डोकं दिलं. (स्वेच्छेने नव्हे. खात्याचा जिना ओला होता. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात; बँकेशी संबंध नाही.)

तेव्हापासून मगनभाऊंना जुनं सगळं आठवतं, नवं मात्र दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ डॉ. गायत्री त्यांना त्रेचाळीस वेळा भेटल्या. त्रेचाळीस वेळा मगनभाऊंनी अहिराणीत "कोन शेतस तुम्ही?" असं विचारलं आणि त्रेचाळीस वेळा चहा पाजला. चव्वेचाळिसाव्या खेपेला डॉक्टरांनीच विचारलं, "आपली याआधी कधी गाठ पडली होती का?"

मगनभाऊ भडकले. "मन्हा कापडमा गाठ पडत नही, मॅडम! एकोनीस वरीस व्हई ग्यात!"

डॉक्टरांनी नोंद केली: रुग्ण भेट नाकारतो, कापडाची हमी देतो.

खरा शोध लूमवर लागला. धागा तुटला की मगनभाऊंची बोटं पूर्वीसारखीच दोन सेकंदांत तो जोडत होती. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, हा सिद्धांत डॉक्टरांनी मांडला आणि खात्याचे मालक ललितशेठ यांनी तो त्याच दिवशी अमलात आणला. मगनभाऊ कामावर रुजू झाले.

बारा तासांनी बायको भागीरथी त्यांना न्यायला आली. "घर चाला हो."

"आसं कसं? मी आतेच उनू!"

तोंडावर आत्ताच आल्याचा सकाळचा उत्साह, पाय सुजून खांब. शेठने लगेच दुसरी शिफ्ट दिली. कुरकुर नाही, कंटाळा नाही, रजेचा अर्ज नाही. (रजा शिल्लक आहे हे आधी आठवावं लागतं.) शेठ भारावले. डॉक्टरांना म्हणाले, "बेन, चोट कौनसी साइड लगा था? मेरे पास चालीस आदमी है." जिना अजून पुसलेला नाही.

आपला माणूस उभ्याउभ्या झिजतोय आणि वर हसतोय, हे भागीरथीला बघवेना. तिला अक्षरओळख नाही, त्यामुळे सिद्धांत तिला चटकन समजला. शिफ्ट सुटली की मगनभाऊ टॉवेलने अंगावरचं धाग्यांचं तूस झटकत, हा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. तिने त्यांच्या हातात टॉवेल दिला. हातांनी डोकं पुसलं, खांदे झटकले, आणि पाय कोणालाही न विचारता गेटबाहेर पडले.

तीन दिवस मगनभाऊ वेळेवर घरी जेवले. चौथ्या दिवशी खात्यात पाटी लागली: 'सुरक्षेच्या कारणास्तव आत टॉवेल आणण्यास सक्त मनाई आहे.' भागीरथी आता टॉवेल घेऊन गेटबाहेर उभी असते. आत मगनभाऊ सलग तिसऱ्या शिफ्टला ताजेतवाने हजर असतात.

वाचकहो, तुम्हाला शेठचा संताप आला असेल. उत्तम लक्षण आहे. असाच संताप तुम्हाला मागेही आला होता, कुठल्याशा कारखान्याची बातमी वाचून. कुठल्या, ते सांगता येईल? डॉ. गायत्रींना पुढच्या अभ्यासासाठी डोक्याला मार न लागता विसरणारी माणसं हवी आहेत. नाव आजच नोंदवा, उद्या लक्षात राहणार नाही.