एका बोटावर सत्तर पौंड

"ब्रिटा, हे धनुष्य तू एका बोटावर धरशील," लायलने न्याहारीलाच जाहीर केलं. "आणि दुसऱ्या हाताने एडीला भरवशील."

दहा महिन्यांच्या एडीला भरवायला ब्रिटाला दोन हात पुरत नव्हते. लापशीचा एक चमचा तोंडात गेला की दोन भिंतीवर जात. त्यामुळे ती एवढंच म्हणाली, "आधी कॉफी पी. दहाला ते साहेब यायचेत."

ते साहेब म्हणजे डोबर्स्टाइन. बारा मैलांवरच्या धनुष्यांच्या कारखान्यात नवे नमुने पास-नापास करणारे. त्यांनी लायल हॅल्वर्सनचा नमुना पास केला, तर त्याला तिथे नोकरी. नापास केला, तर सोमवारपासून नॉर्थ डकोटाच्या तेलविहिरी. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. विस्कॉन्सिनचा हिवाळा, दारातला बर्फ आणि तान्ही मुलगी, सगळं एकटीने. ऑगस्टपासून ब्रिटा रोज त्या बर्फाचे ढिगारे मनातल्या मनात उपसत होती.

नमुना तसा कौतुकाचाच होता. या धनुष्यांना दोन्ही टोकांशी कॅम असतात, म्हणजे अंड्यासारखी वेडीवाकडी चाकं, आणि त्यांना जोडणाऱ्या केबल. दोरी ओढताना आधी घाम फुटतो, पण चाकं पुरती फिरली की भार एकदम उतरतो. हरीण झुडपातून बाहेर येईपर्यंत शिकाऱ्याला ताणून उभं राहता यावं, म्हणून ही सोय. लायलने वर्षभर गॅरेजमध्ये बसून चाकांना नवा आकार दिला, केबलची वाट बदलली आणि ताणून धरताना उरणारा भार जवळजवळ शून्यावर आणला.

"बघ हं," म्हणत त्याने फ्रिजसमोर उभं राहून दोरी गालापर्यंत ओढली. बाणाशिवायच. घरात बाण आणायचा नाही, हा ब्रिटाचा कायदा. "बघितलंस? सत्तर पौंडांचं धनुष्य, आणि हाताला काही लागत नाही. मांजराची शेपटी धरल्यासारखं."

"छान आहे. आता खाली ठेव."

लायलने हात पुढे नेला. दोरी आली नाही. थोडा जोर केला. तरी नाही.

"लायल?"

"एक मिनिट. चाक जरा जास्तच फिरलंय वाटतं. हळूहळू मागे येत नाही, सुटलं तर झटक्यानेच सुटेल."

"मग सोडून दे ना दोरी."

"अगं, बाणाशिवाय दोरी सोडली, तर सगळा जोर धनुष्यातच फुटतो. तुकडे होतील. माझेही, थोडेफार."

"आणि अशीच धरून ठेवलीस तर?"

"तर काही नाही. पण मी शिंकलो तर सांगता येत नाही."

ब्रिटाने आधी एडीला उचलून मागच्या खोलीतल्या पाळण्यात नेऊन ठेवलं, मग मिरपुडीची डबी कपाटात बंद केली. बाण ट्रकमध्ये. ट्रकची किल्ली लायलच्या उजव्या खिशात, आणि उजवा हात गालाशी. तिने किल्ली काढली.

"गुदगुल्या करू नकोस," तो कळवळून म्हणाला.

मग त्याला दाराबाहेर काढायचं काम. सोफा बाहेर काढतात तसं आडवं, तिरकं, पुन्हा मागे. "कोपर आत घे." "कोपर आत घेतलं तर दोरी सुटेल." शेवटी तो खेकड्यासारखा तिरपा पायऱ्या उतरला, अंगणात पोहोचला, आणि फाटकाशी डोबर्स्टाइनांची गाडी थांबली. पाऊण तास आधी.

"अरे वा, सराव चाललाय," साहेबांनी हात पुढे केला.

लायलने मान हलवली. हात रिकामा नव्हता. "या साहेब. प्रवास बरा झाला?"

साहेब पाहत राहिले. माणूस धनुष्य पूर्ण ताणून हवापाण्याच्या गप्पा मारत होता. ना दंड थरथरत होता, ना श्वास फुलला होता. "कधीपासून धरलंय हे?"

"एडीची लापशी अर्धी झाली तेव्हापासून," ब्रिटा म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण सगळंच सांगायला हवं असंही नव्हतं. "वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील."

डोबर्स्टाइनांनी टोपी काढली. तेवढ्यात तिने ट्रकमधून बाण आणला, श्वास रोखून नवऱ्याच्या गालाशी दोरीत अडकवला आणि बाजूला झाली. लायलने दोरी सोडली. बाण पिसांपर्यंत गवताच्या गठ्ठ्यात रुतला. धनुष्य शाबूत. लायलही शाबूत. ब्रिटाला वाटलं, जिंकलो.

"माझ्याकडे द्या बघू," साहेब म्हणाले, आणि लायलने तोंड उघडायच्या आत त्यांनी दोरी गालापर्यंत ओढली. बाणाशिवायच. पस्तीस वर्षांची सवय, नवं धनुष्य दिसलं की आधी ओढून पाहायचं.

"लोणी आहे, लोणी," ते डोळे मिटून म्हणाले. मग डोळे उघडले. "हॅल्वर्सन, हे खाली कसं आणायचं?"

लायल बुटांकडे बघू लागला.

"बाण आणते," ब्रिटा म्हणाली.

ट्रकमध्ये तेवढा एकच बाण होता, आणि तो गठ्ठ्यात रुतलेला. तिने एक पाय गठ्ठ्यावर रोवून ओढला, मग दोन्ही पाय रोवून. तोवर वाऱ्याने साहेबांची टोपी दोनदा उडाली आणि लायलने ती दोनदा त्यांच्या डोक्यावर नेऊन बसवली.

शेवटी बाण निघाला, साहेबांच्या हातून पुन्हा गठ्ठ्यात सुटला, आणि डोबर्स्टाइन पायरीवर बसले. ब्रिटाने कॉफी आणि केक पुढे ठेवला. त्यांनी केक संपवला, मगच बोलले.

"हे चाक बाजारात आणलं, तर अर्धं विस्कॉन्सिन जंगलात ताणून उभं राहील आणि बायका बाण घेऊन शोधत फिरतील. नापास."

ब्रिटाच्या मनातला बर्फ छपरापर्यंत चढला.

"पण आमच्या कॅटलॉगचे फोटो काढताना पोरांचे हात दहा मिनिटांत लटपटायला लागतात. फोटोसाठी हा एक नग घेतो." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि त्याच्याबरोबर तुम्हीही या. ही चूक तुम्हाला आतून-बाहेरून ठाऊक आहे. नमुने तपासायच्या टेबलावर माणूस हवाच आहे. सोमवारी सातला."

लायल गावभर सांगतो, माझं धनुष्य कारखान्याने घेतलं. ब्रिटा दुरुस्त करत नाही. वसंतात कॅटलॉग आला. मुखपृष्ठावर बर्फात उभा एक देखणा शिकारी, धनुष्य पूर्ण ताणलेलं, ओठांवर मंद हसू. केवढा शांत माणूस, असं गावातल्या दुकानात सगळे म्हणाले. तो हरणाकडे बघत नाहीये, बाण घेऊन कोणी येतंय का ते बघतोय, हे एकट्या ब्रिटाला कळलं.