तुम्हीही चला ना धबधब्याला

शेजारच्या आनेकेच्या वाढदिवसाला शिरीष खुर्च्यांच्या गोलात बसला होता आणि प्रश्न एकेक खुर्ची करत त्याच्याकडे सरकत येत होता. डच वाढदिवस म्हणजे गोल मांडलेल्या खुर्च्या, मांडीवर केकचा एकच तुकडा आणि मार्च उजाडला की एकच विषय, यंदा सुट्टीत कुठे? कोणी सायकलनं नॉर्वेला जाणार होतं, कोणी तंबू घेऊन स्लोव्हेनियाला. काठी टेकत आलेल्या एक आजीबाई पोर्तुगालला पायी हिंडायला निघाल्या होत्या. शिरीषची बायको मंजूषा बरोबर असती तर तिनं काहीतरी सांभाळून घेतलं असतं, पण ती मराठी मंडळाच्या लेझीमच्या सरावाला गेली होती.

शिरीषचं उत्तर दरवर्षी ठरलेलं असे. "पुणे." मग कोणीतरी विचारायचं, "तिथे काय काय करता?" आता यावर खरं काय सांगणार? दातांच्या डॉक्टरांकडे जातो, बँकेत जिवंत असल्याचं दाखवून येतो, चष्मा करतो आणि ज्यांच्या लग्नाला जाता आलं नाही त्यांच्याकडे जेवून येतो. नॉर्वेवाल्यांपुढे हे सांगायची त्याला लाज वाटायची. नेदरलँड्समध्ये, आल्मेरेत स्वतःचं घर, हूफडॉर्पला बऱ्यापैकी हुद्द्याची नोकरी, आणि सुट्टी मात्र दाढ भरण्यात जायची.

"आणि शिरीष, तू?"

"चीन," शिरीष म्हणाला.

शब्द आपोआप तोंडातून निघाला. आदल्या दिवशी त्याच्या मुलीनं, सानिकानं, त्याला फोनवर एका धबधब्याचा व्हिडिओ दाखवला होता, एवढाच काय तो चीनशी त्याचा संबंध. पण आल्मेरेत राहायला आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. हे सुख त्याला नवीन होतं.

"चीनमध्ये कुठे?" आनेकेच्या नवऱ्यानं, विमनं, केक बाजूला ठेवून विचारलं.

"ह्वांगग्वोशू. प्रचंड धबधबा आहे. पाण्याच्या मागून चालत जाता येतं." त्याला एवढंच माहीत होतं. व्हिडिओच तेवढा होता.

विमचे डोळे लकाकले. तो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता. "जन्मभर मुलांना धबधबे शिकवले," तो म्हणाला, "पण आमच्या देशात पाण्याला पडायला जागाच नाही."

माणूस इतक्या आशेनं बघायला लागला की आपल्याकडे काय म्हणतात, ते शिरीषच्या हाडीमांसी खिळलेलं होतं. "मग तुम्हीही चला ना आमच्याबरोबर!" तो म्हणाला.

ही आपल्याकडची मोठी सोयीची पद्धत आहे. बोलावणाऱ्याच्या मनात बोलवायचं नसतं, समोरच्याला ते कळलेलं असतं, तो "छे छे, तुम्ही जाऊन या" म्हणतो आणि दोघंही आनंदानं आपापल्या घरी जातात. तोंडदेखल्या आमंत्रणावर आपली निम्मी नाती टिकून आहेत. विमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि विचारलं, "जुलैचा तिसरा आठवडा चालेल?"

विसरून जाईल, असं शिरीषनं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी मंजूषा आनेकेचं भांडं परत करायला गेली आणि आल्या आल्या दारातच उभी राहिली.

"शिरीष, आपण चीनला चाललोय?"

"कोण म्हणालं?"

"त्यांच्या संडासातल्या कॅलेंडरवर लिहिलंय. आपल्या तिघांची नावं आहेत, पुढे धबधब्याचं चित्र काढलंय."

डच घरात संडासातल्या कॅलेंडरवर जे लिहिलं जातं ते ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून शिरीषनं तोंड उघडलं. तेवढ्यात मंजूषाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लग्न झाल्यापासून प्रत्येक सुट्टी पुण्यात गेली रे. आई चांगल्याच आहेत, पण मी तिथेही पोळ्याच लाटते. आणि तू मला न सांगता हे ठरवलंस? माझ्यासाठी?"

शिरीषनं तोंड मिटलं. एखादा सज्जन माणूस असता तर बोलला असता. शिरीषनं तिनं पुढे केलेली डब्यातली शेवटची भाकरवडी खाल्ली.

"बाबा, फॉर रिअल?" सानिका जिन्यावरून ओरडली. "नॉट पुणे?"

"नॉट पुणे," तो म्हणाला. पण पुण्यात आई होती. एकुलता एक मुलगा, तोही इतका लांब. ती वर्षभर जुलैकडे डोळे लावून बसते, हे त्याला पक्कं माहीत होतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल संपताना ती म्हणायची, "या हं जुलैत, वाट बघतोय." त्या आईला सांगायचं, की तुला सोडून आम्ही चीनमधलं पाणी बघायला चाललोय. कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग हे सगळं आपोआप बारगळावं, अशी त्यानं वाट बघितली. त्याचा सगळा भरवसा व्हिसावर होता. विम आणि आनेके डच, त्यांना व्हिसा लागतच नव्हता. या तिघांचे पासपोर्ट भारतीय. आपल्याला चीन कशाला देतोय व्हिसा, असं तो मनाशी म्हणत राहिला. मंजूषा रजा टाकून हेगला जाऊन आली आणि काही दिवसांत तिघांचेही व्हिसे आले. शिरीषला चीनचा मनापासून राग आला.

इकडे विमनं मंगळवार धरला. दर मंगळवारी जेवण उरकून तो नकाशे घेऊन यायचा. प्रत्येक नकाशाला त्यानं प्लॅस्टिकचं आवरण करून घेतलं होतं, कारण धबधब्यापाशी सगळं भिजतं. तो फोनवर चिनी शिकायला लागला आणि सकाळी कालव्याच्या कडेनं मोठमोठ्यानं चिनीत 'आभारी आहे' म्हणत चालायला लागला. मंडळातला हरीश एकदा ऑफिसच्या कामासाठी शेन्झेनला गेला होता आणि हॉटेलबाहेर फारसा पडला नव्हता, त्यामुळे तो चीनचा जाणकार मानला जायचा. "गरम पाणी कुठेही मिळतं," तो म्हणाला, "बाकी सगळं घरून न्या." लगेच मंजूषानं मेतकूट, चिवडा आणि दशम्यांची तयारी सुरू केली. ते बघून आनेकेनंही चीजचे डबे भरायला घेतले. तिकिटं निघाली. आता फक्त एकच काम राहिलं होतं.

"आईंना सांगितलंस?" मंजूषा विचारायची.

"या रविवारी सांगतो."

आणि रविवारी आई सांगायची, "आंब्याचा रस काढून ठेवलाय फ्रीजरमध्ये." पुढच्या रविवारी, "तुमच्या खोलीला रंग दिला." त्याच्या पुढच्या रविवारी, "दातांच्या डॉक्टरांना जुलैचं सांगून ठेवलंय, बरं का. तिकिटं काढलीस ना?"

"काढली," शिरीष म्हणाला. निदान हे तरी खोटं नव्हतं.

त्याला आता आंब्याच्या रसाची स्वप्नं पडायला लागली. हूफडॉर्पच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना त्याला नव्यानं रंगवलेली रिकामी खोली दिसायची. नॉर्वेवाल्यांपुढे जराशी कॉलर ताठ करायला गेलो आणि आईचं मन मोडायची वेळ आली, असं तो बसमध्ये स्वतःशी पुटपुटायचा. पण सांगायची हिंमत काही होत नव्हती.

मेमधल्या एका रविवारी तो आईशी बोलत असताना बेल वाजली आणि विम आत आला. त्याच्या अंगात पायाच्या घोट्यापर्यंत येणारा नारिंगी रेनकोट होता आणि हातात आणखी तीन. "सवलतीत मिळाले!" म्हणत त्यानं एक शिरीषच्या डोक्यातून घातलाही. मग त्याचं लक्ष फोनकडे गेलं.

"मदर!" तो आनंदानं पडद्यात घुसला. "हॅलो! वुई गो चायना! जुलै!"

आई पडद्याच्या अगदी जवळ आली.

"हे कोण?" आईनं विचारलं. "आणि घरात गळतंय का तुमच्या?"

"आई, हे शेजारी. आणि ते... म्हणजे मी सांगणारच होतो." शिरीषनं रेनकोटाची टोपी मागे सारली. "यंदा आम्ही चीनला जातोय. धबधबा बघायला."

"जुलैत?"

"हो."

"म्हणजे इकडे येणार नाही?"

"नाही जमणार." तो घाईघाईनं बोलत सुटला. "आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुला दुखवायला नाही गं... पुढच्या वर्षी नक्की. हवं तर मी एकटा दिवाळीत..."

आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती मान वळवून आत शिरीषच्या वडिलांना हाक मारत होती. "अहो! ऐकलंत का? शिरीष येत नाहीये! त्या मोहनरावांना फोन लावा, दोन जागा उरल्यात का विचारा!"

"कसल्या जागा?" शिरीषनं विचारलं.

"अरे, मोहनरावांचा, आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप व्हिएतनामला चाललाय. दरवर्षी जुलैत कुठे ना कुठे जातात. आम्हाला दरवर्षी नाही म्हणावं लागतं."

"नाही का म्हणता?"

"तुम्ही येता ना!"

"पण तूच तर म्हणतेस, या, वाट बघतोय!"

"मग काय, येऊ नका म्हणू? आईनं 'या' म्हणायचं असतं रे. तू दरवर्षी खरंच येतोस!"

विमनं काळजीनं शिरीषच्या खांद्यावर हात ठेवला. "इज शी व्हेरी सॅड?"

"नो," शिरीष म्हणाला. "शी इज हॅपी." हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता, म्हणून विमनं त्याचा खांदा आणखी घट्ट धरला.

"म्हणजे आम्ही आलेलं नको असतं तुला?" शिरीषनं आईला विचारलं.

"वेडा आहेस का?" आईचा आवाज मऊ झाला. "सानिकेला बघितलं की जीव निवतो माझा. आठ दिवस या ना. पण तू महिनाभर येतोस, बाळा. सकाळी तुझी इडली, दुपारी तुझे मित्र, संध्याकाळी तुझा वडा. त्यात तुझी बँक, तुझा दात, तुझे इस्त्रीचे कपडे. तुमची सुट्टी असते रे ती. आमची नसते."

"माझीही नसते," मागून मंजूषा हळूच म्हणाली.

शिरीषनं तिच्याकडे बघितलं. ती नमुन्याच्या दशम्यांसाठी गूळ किसत होती आणि थांबली नव्हती. त्याला खरोखर वाईट वाटलं. आपल्या येण्यानं दोन बायका दरवर्षी दमतात आणि आपण त्यालाच त्यांचा आनंद समजत होतो, हे कळायला एवढी वर्षं लागावीत? तो फोनवर वाकला. या वेळी तोंडदेखलं काही नव्हतं.

"आई, तुम्ही दोघं आमच्याबरोबर चला. अगदी मनापासून सांगतोय. सगळं मी बघतो. तू काही म्हणजे काही करायचं नाहीस."

आईनं त्याला नीट न्याहाळलं. नारिंगी रेनकोट, त्यावरचं लटकतं लेबल, मागे गूळ किसणारी सून.

"नको रे राजा," ती म्हणाली. "चीनला येऊन मी तुझा चष्मा शोधत बसणार. आम्ही आपले व्हिएतनामला जातो. आणि हे बघ, जुलैत रविवारी फोन करू नकोस. आम्ही बोटीत असू. ठेवते, मोहनराव आले बहुतेक."

पडदा काळा झाला. विम उरलेले रेनकोट घड्या करून ठेवत होता, सानिका हसू दाबत जिन्यावर बसली होती. शिरीष निश्चयानं उठला. "आज चहा मी करतो," तो म्हणाला. "सगळ्यांनी बसा. मंजूषा, तूही बस." मंजूषा किसणी खाली ठेवून खरोखरच बसली. तो रेनकोट सळसळवत ओट्यापाशी गेला, एक कपाट उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं, बंद केलं, खालचा खण ओढून बघितला. मग मान वळवून, आवाज शक्य तेवढा बेफिकीर ठेवत त्यानं विचारलं, "मंजूषा, आपल्याकडे चहा कुठे असतो गं?"