मेश्रामभाऊंच्या गिटारची घोडी

मेश्रामभाऊंची गिटार आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी ऐकू येई, पण ती वाजताना मात्र कुणी ऐकली नव्हती. भाऊ ती फक्त लावत. टंग... टंग... मग खुंटी पिळल्याचा किर्र आवाज, पुन्हा टंग. सहाही तारा जुळल्या की ते प्रसन्न चेहऱ्याने एखाद्या गाण्याची पहिली ओळ सुरू करत. ओळीच्या शेवटी तारांच्या बुडाशी खोवलेली दांडी दाबून सूर थरथरवत, आणि तिथे सगळं मुसळ केरात जाई. दांडी सोडली की तारा निघाल्या त्या जागी परत येतच नसत. मग पुन्हा टंग, टंग.

गल्लीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की माझी आई पहिल्या तारेला भात टाकी आणि सहावी तार लागली की उतरवी. समोरच्या कापगत्यांचा धाकटा बोलायला उशिरा शिकला, पण सहाही तारा ओळीने म्हणून दाखवायचा.

हिरामण मेश्राम हे ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचो. भाऊंचा देह भरभक्कम, पोट देहाच्या दोन पावलं पुढे आणि आवाज पोटातून निघालेला. स्टँडवरच्या माइकवर त्यांचा फार जीव. "नागभीडकडे जाणाऱ्या रसिक प्रवाशांनो," अशी ते सुरुवात करत. डोक्यावर कोंबड्यांचा झाबा घेऊन धावणारी म्हातारी आपल्याला रसिक म्हटल्याचं ऐकून घटकाभर थबके, आणि तिची बस चुके.

त्यांचं एक पालुपद होतं, "लागून राह्यली," म्हणजे लागतेच आहे. कुणी विचारलं, "भाऊ, वडशाची गाडी?" की उत्तर ठरलेलं, "लागून राह्यली." गाडी तेव्हा चाकं काढून वर्कशॉपात पडलेली असे. गिटारचं काय झालं म्हणून विचारलं तरी "लागून राह्यली." माझ्या लग्नाचं कुठे जमतंय का, असं आईने एकदा त्यांना विचारलं, तर तिलाही त्यांनी हेच सांगितलं. आई बिचारी महिनाभर आशेवर होती.

गिटार जुनी होती. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रातला वादक विम्याचा एजंट झाला, त्याच्याकडून भाऊंनी ती स्पीकरच्या खोक्यासकट उचलली. मूळचा रंग लाल असावा. मागच्या मालकाने तिच्यावर कुण्या नटीचं चित्र चिकटवलं होतं, त्यातला एक डोळा आणि अर्धं हसू तेवढं उरलं होतं.

खरं दुखणं होतं घोडीचं. तंबोऱ्याला असते तशी गिटारलाही घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. पण या गिटारची घोडी एका जागी बसणारी नव्हती. ती पुढच्या बाजूने स्क्रूंवर टेकून झुलायची आणि लाकडाच्या पोटात, मागच्या बाजूने, तीन स्प्रिंगा तिला ओढून धरायच्या. घोडीत खोवलेली दांडी दाबली की तारा सैल पडून सूर हेलकावतो, सोडली की स्प्रिंगांनी घोडी जागेवर आणायची, असा सगळा बेत. पण भाऊंच्या घोडीची टेकायची धार झिजली होती, स्क्रूंची भोकं ढिली झाली होती, आणि पाठीवरचं झाकण हरवल्यामुळे स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या. जवळ कुणी शिंकलं तरी त्या झिणझिणत.

मी एकदा म्हणालो, "भाऊ, ती दांडी दाबूच नका ना."

"मास्तर," भाऊंना माझी कीव आली, "दांडी नाई दाबाची तं गिटार कायले घेतली? मंग तंबोरा नसतो घेतला? थरथर पाह्यजे. थरथर नाई तं गान्यात हाये काय?"

भाऊंच्या घरात ते आणि सुमनबाई अशी दोनच माणसं. सुमनबाईंना ऐकू येत नसे. लग्नानंतर दोन वर्षांनी भाऊंची बदली अहेरीला होती, तेव्हा बाईंना मोठा हिवताप आला. ताप उतरला तो कान घेऊनच. बाई ओठांवरून बोलणं ओळखत आणि स्वतः बोलल्या की अख्ख्या गल्लीला ऐकू जाई, कारण आपला आवाज केवढा निघतो हे त्यांना कळत नसे. गंमत अशी की साऱ्या स्टँडला हलवणारे मेश्रामभाऊ बायकोशी बोलताना आवाजच काढत नसत. नुसते ओठ हलवत. त्यामुळे त्यांचं भांडण झालं तरी आम्हाला एकच बाजू कळायची.

संध्याकाळी भाऊ ओसरीवरच्या बाकावर गिटार घेऊन बसले की सुमनबाई शेजारी येऊन बसत आणि एक हात गिटारच्या मागे सारत, गिटार आणि भाऊंचं पोट यांच्या मध्ये. गल्लीने याचा अर्थ लावून टाकला होता. एवढ्या पोटावरून गिटार घसरणारच, म्हणून बाई मागून आधार देतात. "भाऊच्या गिटारीनं सुखी असं गल्लीत एकच मानूस हाये," कापगते म्हणत, "कावून का तिले ऐकू येत नाई." यावर आम्ही सगळे हसायचो. भाऊही हसायचे.

एका दिवाळीच्या सुमाराला गोविंदराव नाकाडे बसची वाट पाहत आमच्या स्टँडवर अडकले. हे वडशाचे, नाटक कंपनीचे मालक. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांचा शंकरपट होतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. नाकाड्यांचा गिटारवाला ऐन सीझनच्या तोंडावर दुसऱ्या कंपनीने पळवला होता. त्यांची गाडी "लागून राह्यली" होती, तेवढ्या वेळात भाऊंनी त्यांना घरी नेलं, चहा पाजला आणि गिटार दाखवली. नाकाड्यांनी त्यांना तालमीला बोलावलं.

त्या आठवड्यात भाऊ जमिनीला टेकत नव्हते. लहानपणी सगळी पोरं स्टेजकडे तोंड करून नाटक पाहायची, हे मात्र स्टेजखाली बसलेल्या वाजवणाऱ्यांकडे तोंड करून. नाटकात कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, यांना घरी जाताना विचारावं लागे. एकदा तरी त्या जागी बसायचं, एवढीच त्यांची आयुष्यातली हाव होती. माझ्याशी बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी उगाच घड्याळ पाहिलं.

तालमीला मी सोबत गेलो. प्रसंग आई मरण्याचा होता. आई तक्त्यावर आडवी, मुलगी तिच्या छातीवर पडून हंबरडा फोडते आहे, आणि भाऊंनी एक लांब, करुण सूर काढून दांडी दाबली. सूर खाली गेला तो गेलाच. वर आलाच नाही. पुढची ओळ ऑर्गनवाल्याने धरली तर दोघांचे सूर एकमेकांच्या उरावर बसले. रडणारी मुलगी थांबली. मेलेल्या आईने एक डोळा उघडून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. आई मेल्यावर इतका वेळ हसलेली मी प्रथमच पाहिली.

नाकाडे हसले नाहीत. म्हणाले, "मेश्राम, हात चांगला हाये तुमचा. पन हे हालनारी घोडी काढून टाका. पक्की बसवा. सूर हालला नाई पाह्यजे. मंग सीझनभर तुम्हीच. पहिल्या मंडईपासून."

भाऊ नागपूरला गेले आणि सीताबर्डीवरून नवी घोडी घेऊन आले. ती बिनदांडीची, बिनस्प्रिंगांची, थेट लाकडावर बसणारी. बसवायचं काम रशीदभाईंकडे आलं. रशीदभाई गल्लीच्या टोकाला दारं-खिडक्या करत. त्यांनी जुनी घोडी हलवून पाहिली आणि निदान केलं.

"ये तो बिजागर है भाऊ. बिजागर घिस गया का कवाड लटकते. कवाडच फिक्स करून टाकू."

रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली. तारा उतरल्या, स्प्रिंगा निघाल्या. रशीदभाईंनी गिटारच्या पोटातली खोबण बल्लारपूरच्या सागवानाने बुजवली. कुणाच्या तरी चौकटीतला उरलेला तुकडा होता तो. ठोकून ठोकून बसवला, वर नवी घोडी आवळली, आणि सवयीप्रमाणे दाराचं पॉलिश मारलं. नटीचा उरलेला डोळा त्यात गेला.

"सागवान है," रशीदभाई म्हणाले, "तुम जाओगे, मैं जाऊंगा, ये नहीं हिलेगा."

भुशात पडलेल्या तीन स्प्रिंगा सुमनबाईंनी वेचल्या, पदराने पुसल्या आणि डब्यात टाकून आत नेल्या. बाई काटकसरी होत्या, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्याकडे भात कच्चा राहिला. आईने पहिल्या तारेला टाकला आणि सहावी तार बघता बघता लागून गेली. मग भाऊंनी गाणं सुरू केलं. एक ओळ झाली, दुसरी झाली, अंतरा झाला. गाणं संपलंसुद्धा. लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. हा माणूस खरंच वाजवतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. कापगत्यांचा पोरगा तेवढा नाराज दिसला. त्याचं पाठांतर वाया गेलं होतं.

नाकाडे येऊन ऐकून गेले. पहिली मंडई ठरली. स्टँडवर भाऊंनी माइकवरून ती जाहीर केली आणि गडचिरोलीच्या गाडीचं सांगायचं विसरले.

मी अभिनंदन करायला गेलो तेव्हा भाऊ ओसरीवर वाजवत बसले होते. मी पायरीवर टेकलो. सूर स्वच्छ होता. सुमनबाई आतून आल्या, हात पुसले, शेजारी बसल्या आणि नेहमीसारखा हात गिटारच्या मागे सारला. थोड्या वेळाने हात काढला. तळव्याकडे पाहिलं. पुन्हा सारला, आणखी आतपर्यंत. मग भाऊंच्या तोंडाकडे बघत त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"आज वाजवत नाई का?"

भाऊ तेव्हा वाजवतच होते. गाण्याच्या ऐन मध्यात होते. त्यांची बोटं तारांवर थांबली. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. मला ओठ वाचता येत नाहीत, पण तेवढं वाचता आलं: लागून राह्यली. बाईंनी मान डोलावली आणि त्या तांदूळ निवडायला आत गेल्या. मी अभिनंदन न करताच घरी आलो.

पुढच्या रविवारी भल्या सकाळी भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर भाऊ मांडीत गिटार उपडी घेऊन पटाशीने सागवान उकरत होते. घामाघूम झाले होते.

"भाऊ, हे काय? मंडई चार दिवसांवर आली!"

"नाकाडेले सांगतलं दुसरा पाहा म्हून." भाऊंनी वर पाहिलं नाही. "जयभीम घातला न् आलो."

"पण का?"

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "मास्तर, तिचे कान होते तवा आमी लय नाटकं पाह्यली. दंडारी पाह्यल्या. ते स्टेजकडे पाहे, मी बाजेवाल्याकडे. घरी येतावक्ती ते मले गोष्ट सांगे, मी तिले गानं सांगो. मंग ताप आला." त्यांनी खोबणीतला भुसा फुंकला. "हे गिटार आनली त्या दिवशी तिनं पुसाले घेतली. मी उगाच तार छेडली. तिचा हात मागं स्प्रिंगांवर होता. एकदम ओरडली, 'अहो, वाजून राह्यली!' किती वर्सानं तिले कायतरी वाजलं होतं, मास्तर. त्या दिवसापासून रोज ऐकते. दांडी दाबली का स्प्रिंगा जास्त थरथरतेत, तं तिले ते ओळ लय आवडते."

"मग स्पीकरवर हात ठेवला तर?"

"ठेवला ना. म्हन्ते, लाइटाच्या डीपीवानी घुमते. त्याच्यात गानं नाई."

गल्लीची ती जुनी थट्टा मला आठवली. गिटारवर सुखी असलेलं एकच माणूस. थट्टा खरी होती, फक्त आम्हाला तिचा अर्थ माहीत नव्हता.

सागवान काही निघेना. शेवटी रशीदभाई आले. स्वतःच्याच कामाला शिव्या घालत त्यांनी दुपारपर्यंत तो तुकडा फोडून काढला. ढिल्या भोकांत काड्या ठोकून जुनी घोडी परत बसवली. सुमनबाईंनी न सांगता डबा आणून दिला. स्प्रिंगांना खोबरेल लावून ठेवलेलं होतं.

संध्याकाळी टंग आली. आईने भात टाकला. कापगत्यांचा पोरगा ओट्यावर धावत आला. सहावी तार लागली, भाऊंनी ओळ सुरू केली आणि शेवटाला दांडी दाबली. सूर गेला तो गेलाच. स्प्रिंगा पाठीमागे झिणझिणत राहिल्या. सुमनबाईंचा हात आत होता आणि डोळे मिटलेले होते.

"लागली!" त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

एकही तार जागेवर नव्हती. भाऊंचा हात सवयीने खुंटीकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि परत आला. त्यांनी दुसरी ओळ धरली. मग तिसरी. अंतराही घेतला आणि प्रत्येक ओळीला दांडी दाबली. गल्लीत कुणी हसलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण गाणं फारच बेसूर होतं. पण त्या जुन्या घोडीवर ते पहिल्यांदा शेवटपर्यंत वाजलं, आणि संपल्यावरही बराच वेळ बाईंनी हात काढला नाही.