जावई पळाले

कल्याणने चौथ्या धोंड्याला नको म्हटलं आणि तिथून सगळं बिघडलं.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो. त्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, नवे कपडे करायचे. जावयाने फक्त खायचं आणि तृप्त दिसायचं. वाटूरच्या कारभारी अण्णांचा हा थोरला जावई बारा वर्षांत कधी कशाला नाही म्हणाला नव्हता. त्यामुळे शनिवारी दुपारी त्याने ताटावर आडवा हात धरला, तेव्हा तुपाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई, नंदाबाई, जागच्या जागी थिजल्या.

"काय चुकलं का आमचं?"

"नाही हो मामी. पोट भरलं. आणि उद्या सकाळी मला..."

स्वयंपाकघराच्या दारातून सुरेखाने, म्हणजे त्याच्या बायकोने, असे डोळे वटारले की वाक्य अर्ध्यावरच मेलं. तिने त्याला येतानाच बजावलं होतं. "हे बघा, तिथं पळायचं नाव काढायचं न्हाई. भोकरदनहून रामराव पाव्हणे येऊन राह्यलेत धाकट्या अर्पिताच्या सोयरिकीचं बोलायला. त्यांच्यापुढं तुम्ही चड्डीवर रस्त्यानं पळाले, तर काय इज्जत राहील?"

कल्याणची अडचण वेगळीच होती. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत तो उगवण तपासायचा. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठव्या दिवशी कोंब मोजायचे. असं काम करणाऱ्या माणसाला आकडा छळतो. कल्याणला साठ हा आकडा छळत होता. दहा किलोमीटर साठ मिनिटांच्या आत. बस्स, एवढंच. तीन वर्षं झाली होती. एकदा साठ मिनिटं सात सेकंद लागली, कारण बुटाची नाडी सुटली. एकदा साठ-एकोणीस, कारण कुत्रं मागे लागलं आणि तो नेमका उलट्या दिशेला पळाला. पाच किलोमीटरच्या शर्यतीत शाळकरी पोरींनी त्याला मागे टाकलं होतं. संभाजीनगरच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये शेवटचे चार किलोमीटर अँब्युलन्स त्याच्या मागे मागे इतक्या आशेने चालत होती, की त्याला चालकाला नाराज करणं जिवावर आलं.

त्यात पळणाऱ्यांच्या ग्रुपवर श्रीपतीने फर्मान काढलं. हा श्रीपती कंपनीत त्याच्याच शेजारच्या टेबलाला बसायचा आणि बावन्न मिनिटांत दहा किलोमीटर पळून वर डबा खायचा. फर्मान असं, की 'साठच्या आत' पळणाऱ्यांची यादी रविवारी दुपारी बाराला बंद. घड्याळाचा पुरावा पाठवा. यादीतल्यांना ग्रुपचा लाल टीशर्ट, आणि प्रत्येकाचा फोटो, वेळ, तारीख, ठिकाण फेसबुकवर. ग्रुपच्या अठरा जणांत लाल टीशर्ट नसणारा एकटा कल्याण उरणार होता. आणि रविवारी तो असणार होता सासुरवाडीला.

रविवारी पाच वाजता त्याचे डोळे उघडले ते पुन्हा मिटेनात. तो उठला, बसला, परत आडवा झाला. पाय चादरीखाली आपले आपणच हलत होते. खुंटीवरच्या घड्याळाकडे त्याने दहा मिनिटांत नऊ वेळा पाहिलं. शेवटी आहेराचा नवा शर्टपीस-पॅन्टपीस खाटेवर नीट ठेवून, पिशवीतली चड्डी-बनियन चढवून तो मांजराच्या पावलांनी निघाला. सुरेखाच्या कानाशी वाकून म्हणाला, "पळून येतो." तिने झोपेतच "मरा" म्हटलं. ही परवानगी समजून पाच पस्तीसला त्याने फाट्यावरच्या विजेच्या खांबाची खूण धरून घड्याळाचं बटण दाबलं. जालन्याच्या दिशेने पाच किलोमीटर जायचं आणि परत यायचं, असा बेत होता.

इकडे पावणेसहाच्या सुमारास नंदाबाई चहाचा कप घेऊन जावयाच्या खाटेपाशी आल्या. खाट रिकामी. वर आहेराचे कपडे, घडीसुद्धा न मोडलेले. तेवढ्यात फाट्यावरच्या हॉटेलवाल्या वसंताचा फोन आला. "काकू, तुमचे जावई जालन्याकडं पळत चाललेत. नुसत्या बनियनवर. आवाज देल्ला तर मागं वळूनबी पाह्यलं न्हाई."

नंदाबाईंनी सुरेखाला गदागदा हलवलं. "सुरे, जावई कुठं गेले गं?"

"पळाया गेलेत," सुरेखा कूस बदलत म्हणाली.

जालन्याकडच्या बोलीत कुणी 'धावत' नाही. पोलीस भरतीतली पोरं पळतात, एसटीमागे प्रवासी पळतात, सुटलेलं गोऱ्हंही पळतं, आणि घर सोडून जातो तोही पळतोच. एकाच शब्दावर सगळ्यांचं भागतं. त्यामुळे सुरेखाच्या तोंडून 'पळाया' निघालं, ते नंदाबाईंच्या कानात 'पळून' होऊन पडलं.

"अगं माय! पळून गेले! मी काल म्हणलंच व्हतं. धोंडा नको म्हणले, कपड्याला हात लावला न्हाई. रुसले! आहो, उठा की!"

कारभारी अण्णा ओसरीवर रामराव पाव्हण्यांसोबत दात घासत होते. सहासष्ट वर्षांचा, शेतात राबून काटक झालेला माणूस. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जावई रुसणं नवं नव्हे. पण रुसायची रीत असते. जेवायचं नाही, बोलायचं नाही, तोंड भिंतीकडे करून निजायचं. चाळीस किलोमीटरवरच्या घराकडे पायी निघणारा जावई वाटुरात कुणी ऐकला नव्हता.

"अंगठीचं राह्यलं असंल," रामराव अनुभवाने म्हणाले. "आमच्याकडं धोंड्याला अंगठी करतेत."

मेहुणा आदिनाथ मोटारसायकल काढून सुटला. साडेचार किलोमीटरवर त्याने दाजींना गाठलं.

"दाजी, थांबा! बसा गाडीवर!"

कल्याणच्या घड्याळात सत्तावीस मिनिटं झाली होती. बोलायला श्वास परवडत नव्हता. "नको," तो म्हणाला.

"आमचं चुकलं दाजी. माय रडून राह्यली. काय पाह्यजे ते सांगा, बिलकुल लाजू नका."

"साठ!" कल्याण कसाबसा ओरडला. "साठच्या... आत!"

आदिनाथने गाडी चालवता चालवताच फोन लावला. "अण्णा, साठ म्हणतेत."

"साठ काय?"

"ग्रॅम असतील."

"साठ ग्रॅम म्हंजी सहा तोळे! येवढं तर सुरेखाच्या लग्नातबी न्हाई घातलं!" पलीकडे अण्णा मटकन बसल्याचं ऐकू आलं. मग नंदाबाईंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, कमी-जास्त बोलू. आधी माघारी फिरा."

आणि कल्याण फिरला. पाच किलोमीटरचा दगड आला होता, म्हणून फिरला; पण आदिनाथला गहिवरून आलं. "फिरले! दाजी फिरले! आता बसा गाडीवर." कल्याण बसेना. घड्याळ तीस मिनिटं वीस सेकंद दाखवत होतं आणि मेहुणा शेजारून गाडीचा धूर सोडत विचारत होता, "दाजी, पाटल्या चालतील का?"

सातव्या किलोमीटरला समोरून वसंताची गाडी आली. मागे अण्णा होते. ते उतरले आणि रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. घड्याळात बेचाळीस-चाळीस. चाळीस सेकंद उशीर. उरलेले तीन किलोमीटर सतरा मिनिटांत पळायचे म्हणजे कल्याणने आयुष्यात कधी पळाले नाहीत तसे पळायचे. समोर सासरे हात जोडून उभे. थांबावं तर तीन वर्षं मातीत, न थांबावं तर बारा वर्षांचं नातं मातीत. कल्याणला रडू आलं. पण पाय थांबले नाहीत. सासऱ्यांना वळसा घालून तो पुढे गेला, आणि जाता जाता त्याने नमस्कार मात्र केला.

रुसलेल्या जावयाची समजूत गाडीवर बसून काढत नाहीत; ते मानाला धरून नसतं. अण्णांनी धोतराचा काचा मारला, वहाणा काढून हातात घेतल्या आणि ते जावयाच्या बरोबरीने पळू लागले.

"जावईबापू, आसा राग बरा न्हाई."

कल्याणने वेग वाढवला. अण्णांनीही वाढवला.

"औंदा कापसाचं जमलं न्हाई, न्हाई तर अंगठी मागं राह्यली नसती. तुमी आमाला आदिनाथसारकेच. जवा सुरेखाला पाह्याला आल्ते, तवाच मी म्हणलं व्हतं, पोरगं गरीब हाय."

त्यांना धाप नव्हती. कट्ट्यावर बसून बोलावं तसं ते बोलत होते. वाटेत एका ओळखीच्याला त्यांनी हातातली वहाण हलवून रामरामही घातला. कल्याणला वाटलं, यांच्यापासून सुटावं. त्या एका इच्छेने त्याचे पाय भराभर उचलायला लागले. छातीत लोहाराचा भाता, डोळ्यांपुढे काजवे, आणि उजव्या कानाशी अखंड समजूत.

फाट्यावर अर्धं गाव गोळा झालं होतं. नंदाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. कल्याणने खुणेचा खांब ओलांडला आणि बटण दाबलं.

एकोणसाठ मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद.

"झालं!" त्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. "झालं! झालं!"

"मानले!" गावाने आरोळी ठोकली. नंदाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. कल्याणला इतका आनंद झाला होता की तो खरं बोलून बसला.

"मामी, मी रुसलो नव्हतो हो! मी नुसता पळायला गेलो होतो. रोज पळतो मी."

रामराव पाव्हणे पुढे सरकले. "रोज? कुठं?"

"कुठं असं नाही. पाच किलोमीटर जायचं आणि परत यायचं."

"तिथं काय हाय?"

"किलोमीटरचा दगड."

"मंग आणलं काय तिथून?"

"काही नाही."

"कुणी मागं लागलं व्हतं?"

"नाही."

हॉटेलातलं चहाचं पातेलं उकळून उतू गेलं. रामरावांनी कल्याणच्या चड्डीकडे पाहिलं, मग कारभारी अण्णांकडे पाहिलं आणि हलक्या, सहानुभूतीच्या आवाजात विचारलं, "थोरल्या जावयाला हे कधीपासून हाय? न्हाई, सोयरिकीच्या आधी इचारलेलं बरं."

नंदाबाईंचा चेहरा पांढरा पडला. गर्दीच्या कडेला सुरेखा उभी होती. ती रागावली असती तर कल्याणला सोपं गेलं असतं. पण तिचे डोळे भरले होते, आणि तिच्यामागे अर्पिता ओढणीचं टोक चावत उभी होती.

"रुसलो होतो," तो म्हणाला.

"आँ?"

"रुसलोच होतो. लाज वाटली म्हणून खोटं बोललो. मामींनी चौथ्या धोंड्याचा आग्रह एकदाच केला. दुसऱ्यांदा केलाच नाही."

रामरावांचा चेहरा लख्ख उजळला. "आस्सं बोला की! मंग बराबर हाय. रुसंना का मानूस, येडा न्हाई ना!" त्यांनी कल्याणच्या पाठीवर थाप मारली. "आवडलं आपल्याला. मानी हाय जावई. अशा घरात पोरगी मागायला आपल्याला काई वांधा न्हाई."

साडेदहापर्यंत सोयरीक ठरली. कल्याणने सात धोंडे खाल्ले. प्रत्येकाला दोनदा आग्रह झाला. आदिनाथची अंगठी त्याच्या बोटात बळेबळे चढवण्यात आली. नंतर मोबाईल घेऊन तो गोठ्यामागच्या बाजेवर जाऊन बसला. घड्याळाचा फोटो तयार होता. एकोणसाठ-अठ्ठेचाळीस. ठिकाण, वाटूर फाटा. वेळ, सकाळी पाच पस्तीस. श्रीपतीचा निरोप आला होता, 'कल्याणराव, वीस मिनिटं उरली. यंदाही राहिलं वाटतं?'

त्याचं बोट पाठवण्याच्या खुणेवर गेलं, तोच फोन किणकिणला. फेसबुकवर मैत्रीची विनंती. रामराव, भोकरदन. फोटोत फेटा, खाली लिहिलेलं, 'दिवसभर ऑनलाइन.'

कल्याणने त्या आकड्याकडे पाहिलं. असा आकडा पुन्हा येईल याची खात्री नव्हती. पण लाल टीशर्टातला, तारीख-ठिकाणासकट छापलेला त्याचा फोटो दुपारी रामरावांनी पाहिला, तर संध्याकाळी अर्पिताची सोयरीक मोडणार, याची शंभर टक्के खात्री होती. त्याने विनंती स्वीकारली आणि श्रीपतीला लिहिलं, 'नाही जमलं.' मग तो बाजेवर आडवा झाला. त्याला फार वाईट वाटत होतं. पाय अजूनही हलतच होते.

बाज करकरली. अण्णा शेजारी येऊन बसले होते.

"जावईबापू, एक इचारू? पळताना सारखं मनगटाकडं काय पाहत व्हते?"

आता यांच्यापासून काय लपवायचं? कल्याणने सगळं सांगितलं. साठ, नाडी, कुत्रं, श्रीपती. अण्णांनी मन लावून ऐकून घेतलं. घड्याळ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजी शेवटचे तीन तुमी सगळ्यांत जल्दी पळाले."

"हो. तुमच्यामुळे."

"मला बोलत बोलत पळावं लागलं, बापू. समजूत काढायची व्हती ना." अण्णांनी घसा खाकरला. ओसरीकडे नजर टाकली. रामराव तोंडावर उपरणं घेऊन घोरत होते. मग ते कल्याणच्या कानाशी आले. "नुसतं पळायचं ठरवलं, तर माझा आकडा किती येईल हो?"

कल्याण उठून बसला.

"ते पळून पाहिल्याशिवाय नाही सांगता येत, मामा."

"मंग," अण्णा आणखी हळू म्हणाले, "उद्या सकाळी परत रुसता का?"