दर्साच्या दारातली अफार बाई

अफार भटक्यांच्या वाळवंटात वावटळ आली आणि दर्साचं घर चटया-दोरांसकट शेळ्यांच्या कुंपणात जाऊन बसलं. बायको मोमिना माहेरी, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. जाताना ती बजावून गेली होती, "वाऱ्याचे दिवस आहेत, दोर बघत जा." दर्साने बघितले नव्हते. आता ती उद्या येणार होती.

घर उभारणं हे बायकांचं काम. पुरुषाने हात लावला की विहिरीवर वर्षभर हसायला विषय! शेजारणी लग्नाला गेलेल्या. दर्साने इकडेतिकडे पाहिलं, मोमिनाची काळी ओढणी डोक्यावरून घेतली आणि कामाला लागला.

तेवढ्यात लांबून म्हातारा हुम्मद उंट हाकत गेला. आता अफार भाषेत अफार पुरुषाला एक शब्द, अफार बाईला दुसरा. ओढणी पाहून हुम्मदने दुसरा उचलला. दुपारी नेमका मोमिनाच्या माहेरच्या विहिरीवर तो पाणी प्यायला थांबला.

"काय खबर, हुम्मदकाका?" मोमिनाने विचारलं.

"पाऊस नाही. हालोची उंटीण व्याली. आणि दर्साच्या दारात एक अफार बाई घर बांधतेय. या डोळ्यांनी पाहिलं."

मोमिनाच्या हातून दुधाचं भांडं सुटलं. खोट्या खबरीला जमात दंड करते, तेव्हा खबर खरीच!

"पाहुणी असेल गं," आई म्हणाली.

"पाहुणी घर बांधत नाही, आई! घर बायको बांधते! कोण ती मेली?"

दोन भाऊ, दोन सुरे, तीन उंट! सूर्य कलता कलता वरात दारात. पाठमोरी बाई दातात दोर धरून गाठ मारत होती.

"ए बये, इकडे बघ!" थोरला भाऊ गरजला.

बाई वळली. ओढणीतून दाढी बाहेर आली.

धाकट्याने हसू दाबत रीतीप्रमाणे विचारलं, "काय खबर, दर्सा?"

"पाऊस नाही," दर्सा म्हणाला.

"आणि?"

दर्साने ओढणी आणखी पुढे ओढली. खोटं बोलावं तर दंड, खरं बोलावं तर अब्रू गेली!

मोमिनाने घर पाहिलं. एक बाजू बसली होती, दुसरी उठायच्या बेतात. सवत नाही हे कळून तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तिने ओढणी खेचून स्वतःच्या डोक्यावर घेतली, एक दोर ओढला आणि करकचून गाठ मारली.

"घ्या! अफार बाईने घर बांधलं. हुम्मदकाकाही खरा, दर्साही खरा. हीच खबर द्या."

तीच खबर गेली. चौथ्या दिवशी लांबच्या वस्तीवरून दोघे आले.

"इथली अफार बाई एका दिवसात एकटीने घर उभं करते म्हणे. आमची तीन पडलीत. पाठवाल का तिला?"

मोमिनाने नवऱ्याकडे पाहिलं.

"पाठवते की," ती म्हणाली. "ओढणी तेवढी झटकून देते."